घोडबंदरची कमान आणि फोटोची चौकट

ठाणे आणि बोरिवली यांना जोडणाऱ्या घोडबंदर रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. पण ज्या गावावरून या रस्त्याला हे नाव पडले, त्या गावात उतरणारी माणसे थोडी. वसईच्या खाडीला लागून, उल्हास नदीच्या मुखाजवळ, एका बुटक्या टेकडीवर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. मुंबईच्या इतक्या जवळ, चढण अगदी लहान, म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल अशी जागा. तरीसुद्धा सुटीच्या दिवशी आपली पावले तिकडे वळत नाहीत. यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे मिळून तेथे गेलो. हेतू केवळ सहलीचा नव्हता. मुलांच्या हाती मोबाइल आले, दिवसाला पन्नास-पन्नास फोटो निघू लागले. पण त्यांतला एकही भिंतीवर लावावासा वाटत नाही, अशी घरोघरची तक्रार आहे. तेव्हा फोटो काढण्याचे थोडे शिक्षण घ्यावे आणि किल्लाही पाहावा, असा बेत होता.

आमच्यात एक काका होते. त्यांची उभी हयात छापखान्यात, छपाईसाठी फोटो तयार करण्यात गेली. त्यांच्या खांद्यावर जुना रोलचा कॅमेरा होता, आणि खिशात लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन तुकडे. त्या तुकड्यांचे काम पुढे येईलच.

आधी किल्ल्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पोर्तुगीजांचा या भागात शिरकाव झाला तो सोळाव्या शतकात. खाडीतून ठाण्याकडे जाणाऱ्या जलमार्गावर नजर ठेवायला ही टेकडी सोयीची, म्हणून त्यांनी येथे ठाणे बसविले आणि बांधकाम वाढवीत नेले. या बंदरावर घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून गावाला घोडबंदर नाव पडले, असे सांगतात. 1672 साली शिवाजी महाराजांच्या फौजेने हे ठाणे घेण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. 1737 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले आणि 1818 साली इंग्रजांकडे गेले. आज तेथे तटाचे अवशेष, बुरूज, कमानी आणि छप्पर नसलेल्या भिंती आहेत. गेल्या काही वर्षांत डागडुजीही झाली आहे. खाली खाडीचे पाणी, पलीकडे डोंगर आणि झाडी, एकीकडे खाडीवरचा वरसावे पूल. जुन्या पुलाशेजारी 2023 साली नवा पूल वाहतुकीला खुला झाला, तोही नजरेत भरतो. मागे वळून पाहिले तर मीरा रोडच्या उंच इमारतींची रांग.

वर पोहोचताच मुलांनी मोबाइल काढले आणि फोटोंचा सपाटा लावला. काकांनी त्यांना पाच मिनिटे थांबविले आणि एक-एक फोटो पाहायला लावला. एका फोटोत खाडी होती, पूल होता, इमारती होत्या, विजेच्या तारा होत्या, कोणाची तरी पाण्याची बाटली होती आणि कोपऱ्यात धाकट्या मुलीचा अर्धा कान होता. काका म्हणाले, “यात सगळं आहे, म्हणून काहीच नाही. तुला काय दाखवायचं होतं?” मुलगा म्हणाला, “खाडी.” काका म्हणाले, “मग बाकीच्यांना आत कुणी बोलावलं?”

फोटोची चौकट म्हणजे काय, हे या एका प्रश्नात आले. आपला डोळा पाहतो तेव्हा त्याला कडा नसतात. मन ज्यावर असेल तेवढेच आपण पाहतो, बाकीचे असून दिसत नाही. कॅमेऱ्याला मन नाही. चार कडांच्या आत जे जे सापडेल ते तो सारख्याच निष्ठेने टिपतो. म्हणून काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे बटण दाबण्यापूर्वी माणसानेच ठरवावे लागते. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक वस्तू घालीत जातो. फोटो काढणारा भरलेल्या जगातून एकेक वस्तू वगळीत जातो.

काकांनी खिशातले दोन तुकडे काढले. प्रत्येक तुकडा काटकोनात, गवंड्याच्या गुण्यासारखा कापलेला. दोन्ही एकमेकांवर उलटसुलट ठेवले की मध्ये एक खिडकी तयार होते. तुकडे सरकवाल तशी ती लहान-मोठी, आडवी-उभी होते. एक डोळा मिटून त्या खिडकीतून खाडीकडे पाहायचे. हात लांब केला की थोडे दिसते, जवळ आणला की जास्त दिसते. धाकट्या मुलींना हा खेळ फार आवडला. दहा मिनिटांत त्या आपण होऊन सांगू लागल्या, “इथून तार येते, इथून नाही येत.” दोन पावले डावीकडे सरकल्यावर तार बुरुजाच्या मागे जाते, आणि खाली बसले की बाटलीऐवजी गवत दिसते, हे त्यांना कोणी शिकविले नाही. पैसा न खर्चता घरी करता येण्यासारखे हे साधन आहे. वाचकांनी जुन्या पत्रिकेवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर अवश्य करून पाहावे.

पुढचा धडा कमानीखाली झाला. दारातून, खिडकीतून किंवा झाडाच्या दोन फांद्यांमधून पलीकडचे दृश्य टिपले की फोटोच्या आत आणखी एक चौकट तयार होते. तिचे तीन फायदे. पाहणाऱ्याची नजर इकडेतिकडे न भटकता मधल्या वस्तूकडे जाते. जवळची कमान आणि दूरची खाडी एकत्र आल्याने फोटोला खोली येते. आणि वरचे कोरे आकाश किंवा बाजूचे नको ते आपोआप झाकले जाते. मात्र कमान घ्यायची तर नीट घ्यावी. तिचा एक खांब आत आणि दुसरा अर्धा बाहेर राहिला, तर बांधकाम कोसळते आहे असे वाटते. उजेडाचेही भान हवे. कमानीच्या आत सावली आणि बाहेर खाडीवर ऊन असते. मोबाइलच्या पडद्यावर खाडीवर बोट ठेवले तर खाडी नीट येते आणि कमान काळी होते. कमानीवर बोट ठेवले तर खाडी पांढरी पडते. चौकटीसाठी काळी कमान शोभते. पण कमानीखाली माणूस उभा असेल तर तोही काळा होईल, म्हणून त्याला एक पाऊल पुढे, उजेडात घ्यावे. खाडी किल्ल्याच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे खाडीकडे तोंड करून फोटो काढताना ऊन आपल्या पाठीमागून येते. घोडबंदरला थंडीत जाण्याचा हा एक लाभ.

आडवी चौकट की उभी, हाही प्रश्न निघाला. खाडी, पूल, तट हे आडवे पसरलेले. त्यांना आडवी चौकट मानवते. बुरूज, ताड, उभा माणूस यांना उभी. हे साधे वाटते. पण हातात मोबाइल उभा धरायची सवय झाल्याने आपण पूलसुद्धा उभ्या चौकटीत कोंबतो. घोडबंदरच्या दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचे जे जंगल पसरले आहे, त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील मोठ्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना भगवान बुद्धांच्या सुमारे 23 फूट उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. आपली कितीतरी मंडळी तेथे फोटो काढतात आणि त्यांत मूर्तीचे पाय तरी कापलेले असतात किंवा मुद्रा दाखविणारा हात तरी. तेथे कॅमेरा उभा धरावा, शक्य तितके मागे सरकावे आणि मूर्तीच्या पायाशी एक माणूस उभा करावा, म्हणजे उंचीची कल्पना येते. चेहराच हवा असेल तर धीटपणे चेहराच घ्यावा. अर्धवट कापणे मात्र टाळावे.

माणसांच्या फोटोलाही हाच नियम लागू आहे. काकांनी तो दोन वाक्यांत सांगितला: “सांध्यावर कापू नये. दोन सांध्यांच्या मध्ये कापावं.” गुडघ्यावर, घोट्यावर, मनगटावर किंवा कोपरावर चौकटीची कड आली की तो अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर, कमरेच्या थोडे वर किंवा छातीवर कड आली तर डोळ्याला खटकत नाही. माणूस ज्या बाजूला पाहत असेल त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडावी, नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा आहे असे वाटते. मुख्य वस्तू नेहमी अगदी मधोमध ठेवू नये, चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कल्पून त्या रेघांवर ठेवावी, हा संकेतही जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 सालच्या पुस्तकात तो मांडला, म्हणजे कॅमेऱ्याचा शोध लागण्याआधीच. बहुतेक मोबाइलमध्ये त्या रेघा पडद्यावर आणता येतात. पण संकेत म्हणजे कायदा नव्हे. कमानीच्या मधोमध सरळ उभा असलेला माणूस छान दिसतो.

तो कसा दिसतो, हे आम्हांला तेथेच कळले. एका कमानीच्या पायऱ्यांवर साफसफाई करणाऱ्या एक बाई पालापाचोळा झाडीत होत्या. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या भाच्याला ती कमान रिकामी हवी होती. त्याने मोबाइल रोखला आणि म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का?” बाई लगेच बाजूला झाल्या, सवयीने झाल्या. आमच्या ताई त्याला म्हणाल्या, “अरे, रिकामी कमान सगळेच काढतात. ती स्वच्छ कुणी केली, ते नको का यायला? आणि आधी त्यांना विचार, फोटो काढला तर चालेल का.” भाच्याने विचारले. बाई हसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “झाडू ठेवू का खाली?” ताई म्हणाल्या, “तुमच्या मनाला येईल तसं.” बाईंनी झाडू हातातच ठेवला आणि कमानीच्या मधोमध ताठ उभ्या राहिल्या. मागे खाडी, दोन्ही बाजूंना दगडी खांब. फोटो उत्तम आला.

जेवायला बसलो तेव्हा भाच्याने त्याच फोटोला कात्री लावायला सुरुवात केली. फोटो काढून झाल्यावर त्याच्या कडा छाटण्याला हल्ली सगळे क्रॉप करणे म्हणतात. काकांच्या काळी छापखान्यात हेच काम चाले. मोठ्या फोटोवर त्याच काटकोनी पट्ट्या ठेवायच्या, हव्या त्या भागाला मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि तेवढाच भाग छपाईला द्यायचा. डार्करूममध्ये एनलार्जरखाली कागद ठेवतानाही निगेटिव्हचा हवा तेवढाच भाग घेता येई. साधन बदलले, विचार तोच आहे.

भाच्याने तीन फोटो केले. पहिल्यात फक्त चेहरा. दुसऱ्यात कमरेपर्यंतची आकृती आणि कमानीचा थोडा भाग. तिसऱ्यात फक्त वरचे जादा आकाश आणि उजवीकडचा लोखंडी फलक काढून टाकला होता. कमान, खाडी, बाई, झाडू आणि अर्ध्या झाडलेल्या पायऱ्या तशाच होत्या. त्याला पहिला आवडला. सुरकुत्या, डोळ्यांतली चमक, सगळे ठळक होते. आमच्यातही दोन पक्ष पडले. शेवटी ताई उठल्या आणि तिन्ही फोटो बाईंनाच दाखविले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि तिसऱ्यावर बोट ठेवले. “ह्यो बरा. ह्यात मी झाडलेली जागा दिसती. नुसता चेहरा तर आधार कार्डावरबी हाय.”

यापेक्षा नेमके परीक्षण आम्ही कोठे वाचलेले नाही. पहिला फोटो वाईट नव्हता. पण त्यात कोणत्याही बाईचा चेहरा असता तरी चालले असते. तिसऱ्यात त्यांचे काम होते, आणि काम कोठपर्यंत झाले आहे तेही होते. फलक आणि आकाश कापल्याने फोटो बळकट झाला. झाडू आणि पायऱ्या कापल्या असत्या तर दुबळा झाला असता. छाटण्याची कसोटी अशी आहे. जे गेल्याने उरलेले अधिक स्पष्ट होते ते कापावे. जे गेल्याने उरलेल्याचा अर्थच जातो त्याला हात लावू नये.

या ठिकाणी सुधारक ओलवे यांचे नाव घेतले पाहिजे. मुंबईतील या छायाचित्रकाराने महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती छायाचित्रे पाहताना कामगार आणि त्याचे काम एकाच चौकटीत दिसतात. कचरा दाखविण्यासाठी माणूस कापलेला नाही आणि माणूस सुंदर दिसावा म्हणून कचराही कापलेला नाही. शहराने ज्यांना नजरेच्या कडेला ठेवले, त्यांना चौकटीच्या मध्ये आणणे हे मोठे काम आहे. आपल्या मुलांनी ही छायाचित्रे अवश्य पाहावीत.

कापावे की कापू नये, यावर जगातल्या नामवंतांचेही मतभेद आहेत. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा छाटण्याला विरोध असे. चौकट काय ती बटण दाबतानाच ठरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पण त्यांचाच सर्वांत प्रसिद्ध फोटो, 1932 साली पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा, छाटलेला आहे. तो त्यांनी कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. उलट अमेरिकेच्या अर्नोल्ड न्यूमन यांनी 1946 साली संगीतकार स्ट्राविन्स्की यांचा फोटो असा छाटला की उघडलेल्या पियानोच्या काळ्या झाकणाने सारी चौकट व्यापली आणि संगीतकार खालच्या एका कोपऱ्यात उरले. तो फोटो आजही नमुना म्हणून दाखवितात. क्यूबाच्या आल्बेर्तो कोर्दा यांनी 5 मार्च 1960 रोजी हवाना येथे एका शोकसभेत चे गेव्हाराचा फोटो घेतला. मूळ फोटोत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या आहेत. त्या काढल्या आणि जगभर तरुणांच्या छातीवर मिरवणारा चेहरा उरला. छाटण्याने केवढे बळ येते ते येथे दिसते. आणि त्याच वेळी शोकसभा, तो दिवस, शेजारचा माणूस, सगळे पुसले गेले, हेही दिसते.

हे ऐकून ताईंनी स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्या आजीचा एकच फोटो होता, तोही कोणाच्या तरी लग्नात काढलेल्या पंधरा-वीस जणांच्या घोळक्यातला. आजी वारल्यानंतर घरच्यांनी एका स्टुडिओत तो दिला आणि आजीचा तेवढा चेहरा मोठा करून मागितला. फोटो करून मिळाला, फ्रेम झाली, भिंतीवर लागला. त्यात आजीच्या खांद्यावर एक हात दिसतो. नुसता हात, मनगटापर्यंत. तो कोणाचा, हे आज घरात कोणालाच सांगता येत नाही. नणंदेचा असेल, बहिणीचा असेल. मूळ फोटो परत आणायचे राहून गेले आणि तो हरवला. ताई म्हणाल्या, “आजी वाचली, पण जिने तिच्या खांद्यावर हात ठेवला ती गेली. आमच्याकडं तर तिचं नावसुद्धा कुठं लिहिलेलं नाही.”

आमच्यापैकी कोणीच बराच वेळ बोलले नाही. कारण ही एका घराची गोष्ट नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेणे किती जणांना परवडत होते? कित्येकांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही सभेच्या, मोर्चाच्या नाहीतर लग्नाच्या गर्दीत. घोळक्यातून चेहरा कापून मोठा करणे हीच त्यांची तसबीर. म्हणून कापणे वाईट, असे आपल्याला म्हणता येणार नाही. कात्री लागली म्हणूनच आजीचा चेहरा भिंतीवर आला. पण मूळ फोटो जपला असता तर आजीही राहिली असती आणि तो हात कोणाचा हेही कळले असते.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे एक छायाचित्र आठवून पाहा. फेब्रुवारी 1934 मध्ये राजगृहात काढलेल्या त्या कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेबांबरोबर यशवंतराव आहेत, रमाई आहेत, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत आणि टॉबी नावाचा लाडका कुत्राही आहे. त्यानंतर सव्वा वर्षानेच, 27 मे 1935 रोजी रमाईंचे निधन झाले. त्या छायाचित्रातून एकट्या बाबासाहेबांचा चेहरा काढला तर थोर पुरुषाची आणखी एक तसबीर मिळेल, आणि तशा तसबिरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण घरात वावरणारे, माणसांनी वेढलेले, पायाशी कुत्रा असलेले बाबासाहेब मिळणार नाहीत. ते पूर्ण चौकटीतच भेटतात.

हा विचार आपल्या कार्यक्रमांच्या फोटोंनाही लावला पाहिजे. जयंतीच्या किंवा वर्षावासाच्या कार्यक्रमाचा फोटो वृत्तपत्राच्या रकान्यात बसविताना दोन्ही बाजू कापल्या जातात. मध्ये पाहुणे असतात, ते राहतात. कडेला कोण असते? सकाळपासून स्वयंपाक करणाऱ्या भगिनी, सतरंज्या अंथरणारी मुले, माइक सांभाळणारा तरुण. फोटो काढतानाच त्यांना मध्ये बोलवावे, म्हणजे कात्री त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. परतीच्या वाटेवर काकांनी त्या मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावल्या, त्या येथे देत आहोत.

मोबाइलचा फोटो साधारणपणे चारास तीन या प्रमाणात निघतो. आपण छापून घेतो ती प्रत बहुधा सहा बाय चार इंचांची, म्हणजे तिनास दोन या प्रमाणाची. 35 मिलिमीटरच्या रोलवरचा फोटोही 36 बाय 24 मिलिमीटर, याच प्रमाणाचा. मोबाइलचा आडवा फोटो सहा इंच रुंद केला की त्याची उंची साडेचार इंच होते आणि कागद असतो चार इंचांचा. अर्धा इंच कोठून तरी जाणारच. लॅबमधले यंत्र तो वरून-खालून कापते आणि मग मागच्या रांगेतल्यांचे केस किंवा पुढच्या रांगेतल्यांचे पाय जातात. म्हणून फोटो काढताना वर-खाली थोडी जागा मोकळी सोडावी, आणि छापायला देण्यापूर्वी आपणच तिनास दोन प्रमाणात छाटून द्यावा. कात्री आपल्या हाती असावी, यंत्राच्या नव्हे.

जुन्या 120 नंबरच्या रोलवर अनेक कॅमेऱ्यांतून 12 चौकोनी फोटो निघत. तसे फोटो आपल्याकडे असतील तर ते आयताकृती कागदावर बसविण्यासाठी कापू नयेत, चौकोनीच छापून घ्यावेत. बाजूला पांढरी पट्टी राहिली तर राहू द्यावी.

छाटल्याने फोटोचा दाणाही कमी होतो. समजा, फोटो 4000 बाय 3000 बिंदूंचा आहे, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचा. लांबी-रुंदी निम्मी केली की 2000 बाय 1500, म्हणजे तीस लाख उरतात. अर्धे नव्हे, पावच. इंचाला 300 बिंदू धरले तर त्याची सुमारे पावणेसात बाय पाच इंचांची चांगली प्रत निघते. आणखी निम्मा केला तर जेमतेम सव्वातीन बाय अडीच इंच. घोळक्यातल्या चेहऱ्याची भिंतीवर लावण्याजोगी तसबीर हवी असेल तर हे गणित ध्यानात ठेवावे. पडद्यावर दोन बोटांनी दृश्य मोठे करून फोटो काढणे म्हणजेही बहुधा आधीच कापून ठेवणे होय; त्यापेक्षा चार पावले पुढे जावे. वाकडे आलेले क्षितिज सरळ करतानाही चारही कोपरे थोडे जातात, म्हणून कडेला अगदी चिकटून कोणाला उभे करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: छाटलेला फोटो वेगळी प्रत म्हणून ठेवावा, मूळ कधीही पुसू नये. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठविलेला फोटो लहान होऊन जातो. जपायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. घरातला जुना फोटो स्टुडिओत देण्यापूर्वी त्याचा पूर्ण, चारही कडांसकट, एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. पाठीमागची अक्षरे आणि शिक्काही टिपावा. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्याजवळ बसून कोण कोठे उभे आहे याची नावे डावीकडून उजवीकडे लिहून घ्यावीत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

घोडबंदरला जायचे असेल तर मीरा रोड स्टेशनवरून रिक्षाने किंवा ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने वरसावे नाक्यापर्यंत यावे आणि तेथून गावात वळावे. सकाळी लवकर जावे, पाणी आणि जेवण बरोबर घ्यावे, कागद-पिशव्या परत आणाव्यात. तेथे झाडणारे हात आपल्यासारख्याच माणसांचे आहेत. लहान मुलांना तटाच्या कडेला एकटे सोडू नये. वाटेत कोणाचा फोटो काढावासा वाटला तर आधी विचारावे, आणि काढला तर त्याची प्रत त्या माणसाला मिळेल असे पाहावे. साफसफाई करणाऱ्या त्या बाईंचा तिसरा फोटो आम्ही सहा बाय चार आकारात छापून घेतला, पायऱ्या आणि झाडूसकट. पुढच्याच आठवड्यात भाच्याने स्वतः जाऊन तो त्यांच्या हाती दिला.